दाताच्या टोपीची डबी

दाताच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला धक्का बसणं तसं अवघडच. बाहेर इस्त्रीचा सदरा आणि आत सगळा उकिरडा, असे किती आले आणि खुर्चीत आ करून गेले, याची तिने गणतीच सोडून दिली होती. भली दांडगी माणसं सुई बघून रडलेली तिने पाहिली होती. एकाने तर डॉक्टरांचं बोट असं चावलं होतं की टाके घालायला दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं. या सगळ्यात बाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आपल्याला आता काही बघायचं राहिलेलं नाही, अशी तिची पक्की समजूत होती, आणि ती समजूत चारचौघांत बोलून दाखवायलाही ती कमी करत नसे.

तिला सगळे फुंकरमावशी म्हणत. पोर खुर्चीत बसलं की मावशी त्याच्या कपाळावर हळूच फुंकर घालायची. पोर डोळे मिटायचं आणि तेवढ्यात डॉक्टर सुई टोचून मोकळे. "आमच्याकडे मूल रडत नाही," हे मावशी अशा थाटात सांगायची की जणू दवाखाना तिच्या मालकीचा आणि डॉक्टर पगारावर. आता खरं सांगायचं तर फुंकर हा नुसता देखावा होता. काम करायचं ते जेल. हिरडी बधिर करायचं, पिवळसर, केळ्याच्या वासाचं. आधी कापसाच्या बोळ्याने हिरडी कोरडी करायची, मग कापसाच्या काडीवर जेल घेऊन टेकवायचं, मनात साठ आकडे मोजायचे आणि उरलेलं नळीने ओढून घ्यायचं. किती लावायचं याचं मावशीचं स्वतःचं गणित होतं. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढं, पोराला मुगाएवढं, तान्ह्याला तिळाएवढं. हे गणित तिला कुणी शिकवलं नव्हतं. माणूस लहान तर औषध कमी, यात शिकवण्यासारखं काय आहे?

तान्ही मुलं दाताच्या दवाखान्यात कशाला येतात, असं तुम्ही विचाराल. ती येतात आयांच्या मांडीवर. आईची दाढ दुखत असते आणि मांडीवरचं पोर हिरड्या शिवशिवतात म्हणून किरकिरत असतं. अशा आयांसाठी मावशीने एक सोय केली होती. दातावर बसवायची टोपी लॅबमधून येते ती एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत. डबी काडेपेटीहूनही लहान, पण झाकण असं घट्ट की काय सांगावं. टोपी बसली की डबी कचऱ्यात. मावशीला ते बघवत नसे. ती डब्या गरम पाण्याने धुवायची, पुसायची आणि खणात ठेवून द्यायची. आणि आई निघाली की दारात तिच्या हातात जेल भरलेली एक डबी कोंबायची. "दात येतायत ना त्याचे? बोटावर घेऊन हिरडीला लाव. बघ कसं गप्प होतं ते." डबीवर ना नाव, ना काही. डॉक्टरांना हे माहीत होतं, पण मावशीचं म्हातारपण तिच्या डब्यांसकट सांभाळायचं असं त्यांनी ठरवलेलं असावं, कारण त्या वेळी ते नेमके हात धुवायला जायचे.

मावशीची लेक पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत कामाला. गावभरातून पाण्याच्या बाटल्या येतात, त्या तपासायच्या. तिथला नियम असा की बाटलीवर कुठलं पाणी, कधी भरलं, कुणी भरलं हे लिहिलेलं नसेल तर ती बाटली न उघडता ओतून द्यायची. लेक घरीही तशीच. पाच महिन्यांची मुलगी पदरात, नवरा कामानिमित्त चार महिने दुसऱ्या गावी, आणि रजा संपलेली. कामावर जायच्या पहिल्या दिवशी तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. दूध किती वाजता, किती मिली, झोप कधी, लंगोट कधी.

"आई, या कागदाबाहेरचं काही करायचं नाही हं," ती चपला घालताना म्हणाली.

"तुला मी कागद बघून वाढवलं का गं?"

"आई."

"नाही करत, बाई. श्वास घ्यायचा की नाही, तेही लिहून ठेव, म्हणजे आम्ही सुटलो."

लेक हसली आणि गेली. मावशीने त्या दिवशी दवाखान्यातून रजा घेतली होती. नातीचं नाव घरात कुणी घेत नसे. गालांवरून तिला सगळे ढब्बू म्हणत, आणि ती त्या हाकेला दात नसलेलं तोंड उघडून हसायची.

अकरा वाजेपर्यंत कागद पाळला गेला. मग ढब्बू रडायला लागली. खालच्या हिरडीत पुढे एक पांढरी टोचणी दिसत होती, आणि हिरडी टम्म सुजलेली. दूध नको, खुळखुळा नको, खांदा नको. फुंकर घालून झाली. तासभर ते रडणं ऐकून मावशीच्या डोक्याची शीर उडायला लागली. एवढ्या पोरांना गप्प केलं आणि घरचं पोर गप्प बसेना म्हणजे काय? तिने पिशवीतून डबी काढली.

तिने तिळाएवढंच लावलं, हे लक्षात ठेवा. मनात साठ आकडे मोजायच्या आत लाळेबरोबर ते वाहून गेलं. मग मुगाएवढं लावलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला, "रडतेय का गं?" "छे, खेळतेय," असं म्हणत मावशीने खांद्याने फोन धरला आणि बोटाने पुन्हा थोडं लावलं. मग बराच वेळ शांतता. दीडच्या सुमाराला परत किरकिर सुरू झाली, तेव्हा मात्र तिने सरळ वाटाणाच घेतला. ढब्बूने बोट चोखून चोखून साफ केलं आणि डोळे मिटले. मावशीने तिचा फोटो काढून लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझा कागद न वाचता झोपली."

दोन वाजता ती दुपटं सारखं करायला वाकली. ढब्बूचे ओठ पाटीच्या रंगाचे झाले होते.

खिडकीला निळा पडदा होता. त्याचा उजेड पडला असेल म्हणून तिने पडदा ओढला. ओठ तसेच. पडदा एका बाजूने निसटून कडेला लोंबला, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. तिने बोटं उघडून बघितली, नखं राखाडी. गालावरचा गुलाबी रंग कुणी पुसून घेतला होता. पोर श्वास घेत होतं, भराभर घेत होतं, पण डोळे अर्धवट उघडून नुसतं बघत होतं. रडत नव्हतं. ज्या बाईच्या चेहऱ्यावरची रेघ सव्वीस वर्षांत हलली नव्हती तिला आपल्या तोंडातून कसला आवाज येतोय हे कळेना.

खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारा राहायचा. तो डोळ्याला भिंग तसंच ठेवून जिना चढून आला. पोरीकडे बघून त्याने एक शब्द विचारला नाही. "चला ताई," म्हणाला आणि गाडी काढली. भिंग डोळ्यावर आहे हे त्याला मुलांच्या दवाखान्याच्या दारात कळलं.

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर होती ती वयाने मावशीच्या लेकीएवढीच. तिने ढब्बूला टेबलावर घेतलं, तोंडावर प्राणवायूचा मास्क धरला आणि पायाच्या अंगठ्याला दिव्याची चिमटी लावली. यंत्रावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा आला, चौऱ्याऐंशी.

"किती पाहिजे?" मावशीने विचारलं.

"पंच्याण्णवच्या वर. चढेल आता."

पण तो चढेना. डॉक्टरने नळी बघितली, मास्क बदलला, चिमटी दुसऱ्या पायाला लावली. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. परत चौऱ्याऐंशी. प्राणवायू पुरा सोडलेला आणि पोर निळंच.

"पडली का? काही गिळलं का? घशात काही अडकलं?"

"नाही."

"काही औषध दिलंत?"

"नाही हो. काही नाही."

आणि इथे मावशी खोटं बोलत नव्हती, यावर तुमचा विश्वास बसो न बसो. औषध म्हणजे गोळी, औषध म्हणजे बाटली, चमचा, इंजेक्शन. जेल हे तिच्या लेखी कापसासारखं होतं, नळीसारखं, कामाचं सामान. ते ती इतक्या वेळा हाताळत आली होती की ते कुठलं तरी औषध आहे हे तिच्या मनातून केव्हाच निघून गेलं होतं.

लेक आली. अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच. तिने आधी पोरीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, काय दिलंस?"

"दूध. तुझ्या कागदावरचंच."

लेकीने मान हलवली. आईवर तिचा भरवसा होता. ती मान मावशीला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली.

डॉक्टर छातीला नळी लावून ऐकत होती आणि तिच्या कपाळावर आठी पडली होती. जन्मतः हृदयात दोष असेल तर असं होतं, ती म्हणाली. इथे हृदयाची तपासणी करणारं कुणी नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, रस्ता दोन तासांचा. रुग्णवाहिका मागवली. लेक दाराशी उभी राहून फोनवर नवऱ्याला सांगत होती आणि सांगता सांगता तिची जीभ अडखळत होती. दोन तास. मावशीला घड्याळाकडे बघवेना. पोर तेवढा वेळ काढेल का, हे कुणी बोलत नव्हतं.

निघायच्या आधी नर्सने रक्त घेतलं. सुई काढल्यावर एक थेंब पांढऱ्या जाळीच्या कापडावर पडला. मावशीची नजर सवयीने तिकडे गेली. रक्त पुसण्यात तिचा जन्म गेला होता. नसेतलं रक्त काळसर निघतं आणि वारा लागला की लाल होतं, हे तिला डोळे मिटून माहीत होतं. हा थेंब तपकिरी होता. कोऱ्या चहाच्या तळाला उरलेल्या गाळासारखा. ती बघत राहिली आणि तो तपकिरीच राहिला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे लाल का होत नाही?"

डॉक्टर वळली. तिने ते कापड उचललं, हवेत हलवलं, दिव्याखाली धरलं, पुन्हा हलवलं. तिचा चेहरा बदललेला मावशीला दिसला. दाराशी रुग्णवाहिकेचा माणूस आला होता, त्याला तिने हाताने थांबवलं.

"आजी, इकडे बघा माझ्याकडे. औषध दिलं नाही म्हणालात. बरं. काही लावलंत का? अंगाला, डोक्याला, तोंडात? काहीही. मलम, तेल, दात येताना लावतात तसलं काही?"

मावशीचा हात पिशवीत गेला. डबी हाताला लागली. आता तो क्षण किती लांब होता ते तिलाच ठाऊक. लेक दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि कान इकडेच होते. नाही म्हटलं असतं तर लेकीची मान परत तशीच हलली असती. हृदयातच दोष निघाला तर कुणाला कळणारही नाही, असं एक घाणेरडं वाक्य तिच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्याच मनात ते आलं याचा तिला पोरीच्या ओठांपेक्षाही मोठा हादरा बसला.

"मी लावलं," ती म्हणाली आणि डबी टेबलावर ठेवली. "हिरडीला. आमच्या दाताच्या दवाखान्यातलं. बधिर करायचं जेल."

डॉक्टरने झाकण उघडून वास घेतला. "किती टक्क्यांचं?"

"वीस."

"किती वेळा?"

"तीन." ती लेकीकडे वळली. "चार. तू फोन केलास तेव्हा एकदा लावलं गं. शेवटचं जास्त होतं."

औषध देण्याआधी डॉक्टरने लेकीला एवढंच विचारलं, की घरात कुणाचं रक्त एखाद्या औषधामुळे बिघडलं होतं का, कुणाला तशी कावीळ झाली होती का. नाही म्हटल्यावर तिने नर्सला त्या औषधाचं नाव सांगितलं, आणि नर्स अक्षरशः पळाली.

ती घेऊन आली ते मावशीने जन्मात पाहिलं नव्हतं. सुईच्या नळीत शाई भरलेली. दौतीतली निळी शाई असते ना, तस्सा गडद निळा रंग.

"अहो, ती आधीच निळी पडलीय!" मावशी ओरडली.

"म्हणूनच हे," डॉक्टर म्हणाली. "आणि ऐका, आधी आकडा खाली येईल. हा रंग यंत्राला फसवतो. घाबरू नका."

घाबरू नका म्हणायला काय जातं! डॉक्टर हळूहळू, पाच मिनिटं घेऊन ती शाई पोरीच्या नसेत सोडत होती आणि आकडा उतरत होता. ऐंशी. पंच्याहत्तर. एकोणसत्तर. लेकीने टेबलाची कड अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. मावशी भिंतीला टेकून उभी होती आणि भिंत नसती तर ती उभी नसती. मग आकडा थांबला. मग सत्तर. एकोणऐंशी. मावशीने आकड्याकडे बघणं सोडलं आणि पोरीच्या ओठांकडे बघू लागली. पाटीचा रंग विरळ झाला. आधी ओठांच्या मधोमध, मग कडेला, गुलाबी आला. अर्ध्या तासात आकडा सत्त्याण्णव झाला. ढब्बूने एक जांभई दिली, तोंडावरचा मास्क हाताने झटकला आणि असं काही भोकाड पसरलं की बाहेर बसलेला घड्याळवाला उठून उभा राहिला.

मावशी पहिल्यांदाच एखादं पोर रडतंय म्हणून रडली.

संध्याकाळी डॉक्टर खुर्ची ओढून दोघींसमोर बसली. ती रागावली असती तर मावशीला सोपं गेलं असतं. ती समजावून सांगत होती.

"रक्तात लोह असतं, आजी. ते सगळ्यांचंच रोज थोडं गंजतं. तुमचं, माझं. गंजलेल्या रक्ताला प्राणवायू उचलता येत नाही. पण शरीरात तो गंज पुसणारे हात असतात, ते पुसत राहतात, आपल्याला कळतही नाही. हे जेल गंज वाढवतं. मोठ्या माणसात हात पुरेसे असतात. हिच्या वयात ते निम्म्यानेच तयार झालेले असतात, आणि तान्ह्यांचं रक्त गंजतंही लवकर. ती निळी शाई त्याच हातांना जोर देते."

"पण मी तिळाएवढंच..." मावशी म्हणाली आणि थांबली, कारण शेवटी वाटाणा होता.

"तुमच्या खुर्चीतला माणूस उरलेलं थुंकतो. ही गिळते. हिची हिरडी पातळ, आत लवकर जातं. आणि तुम्ही औषध लहान केलंत, पण बाळ म्हणजे लहान केलेला मोठा माणूस नाही हो. तिचं यकृत वेगळं, मूत्रपिंड वेगळं, कातडी वेगळी. काही औषधं तान्ह्याच्या अंगातून दिवसेंदिवस निघत नाहीत, साठत जातात. आणि तीच औषधं दोन-तीन वर्षांचं पोर इतक्या लवकर पचवतं की वजनाच्या मानाने त्याला मोठ्यांपेक्षा जास्त द्यावी लागतात. अर्धी गोळी, पाव गोळी, असं गणित चालतच नाही."

मावशी ऐकत होती आणि तिला वाटत होतं की आपण ज्या घरात सव्वीस वर्षं राहिलो, त्याचा नकाशाच कुणीतरी उलटा करून दाखवतंय.

"तू मला विचारलं का नाहीस?" लेक म्हणाली.

"मला ते औषध वाटलंच नाही गं."

"लेबल नसलेली बाटली मी ओतून देते, आई. कुणी कितीही शपथ घेऊन सांगू दे, चांगलं पाणी आहे म्हणून."

डॉक्टर डबी हातात घेऊन उलटसुलट करत होती.

"ही डबी कसली?"

"दाताच्या टोपीची. रिकामी झाली की आम्ही त्यातून देतो."

"देतो म्हणजे? कुणाला देता?"

हे वाक्य ऐकलं आणि मावशीच्या अंगातलं रक्त खरोखरच गोठलं. दुपारचं सगळं एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे. खणातल्या धुतलेल्या डब्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. आणि दारातून बाहेर पडणारी एकेक आई. बोटावर घेऊन लाव. बघ कसं गप्प होतं ते. ढब्बूसुद्धा अगदी तशीच गप्प झाली होती.

दुसऱ्या दिवशी ढब्बूचा लंगोट निळसर हिरवा निघाला. औषध बाहेर पडतंय, असं व्हायचंच, असं नर्सने सांगितलं. एरवी घरात त्यावर आठवडाभर चेष्टा चालली असती. मायलेकींनी तो गुमान बदलला.

तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच मावशी तिथे हजर. तिने खण ओढला आणि सगळ्या डब्या कचऱ्याच्या पिशवीत ओतल्या. त्या पडताना झालेला खडखडाट ऐकून दाताचे डॉक्टर आतून आले. सगळं ऐकून ते खुर्चीवर बसले, पेशंटच्या.

"मावशी, तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय," ते मग म्हणाले. "इतकी वर्षं दिल्या. कुणाला काही झालं असतं तर आपल्याला कळलं असतं ना?"

"कसं कळलं असतं?" मावशीचा आवाज चढला. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे तो पहिल्यांदाच चढला होता. "माझ्या मांडीवर झालं तरी मला कळलं नाही. तीनदा विचारल्यावर तोंडातून निघालं. त्या बायांना कोण विचारणार, आणि त्या काय सांगणार? नाव नसलेल्या डबीतलं कायसं? मोठ्या दवाखान्यात नेताना रस्त्यात गेलं असतं, डॉक्टर, आणि हृदयात दोष होता म्हणून आपण सगळे रडून मोकळे झालो असतो!"

डॉक्टरांनी भेटींची वही काढून दिली, आणि उठून हात धुवायला गेले नाहीत. "मोठ्या मुलांच्या आयांचं राहू दे," ते हळूच म्हणाले. "गेल्या दोन वर्षांतल्या मी शोधायला मदत करतो."

मावशीला नावं आठवत नसत, दात आठवत. वरची डावी दाढ आणि मांडीवर टकलू पोर. पुढच्या दाताचा तुकडा उडालेली, जुळी घेऊन आलेली. असं करत वहीतून छत्तीस आया निघाल्या. वही घेऊन ती घरी आली. लेकीने रजा वाढवून घेतली होती आणि आईशी ती कामापुरतंच बोलत होती. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मावशीने पहिला फोन लावला, आणि तिला शब्दच फुटेना. काय सांगायचं? मी दिलेलं टाकून द्या? तुमचं मूल आहे ना?

लेक उठली. आता ही निघून जाणार, असं मावशीला वाटलं. ती पट्टी आणि कोरा कागद घेऊन परत आली, आणि आईच्या शेजारी बसून रकाने आखू लागली. आईचं नाव. मुलाचं वय. डबी कधी दिली. डबी टाकली का. मूल कसं आहे. शेवटचा रकाना आखताना तिची पट्टी जराशी सरकली आणि रेघ वाकडी गेली. ती तिने तशीच ठेवली.

दोन दिवसांत चौतीस फोन झाले. बहुतेक बाया हसल्या. "अहो, ती डबी कधीच हरवली." कुणी म्हणाल्या, मुलाला आता सगळे दात आलेत. एकीने फोनवर शिव्या घातल्या, त्या मावशीने पूर्ण ऐकून घेतल्या. एकजण म्हणाली की पोर एकदा काळंनिळं पडलं होतं खरं, पण थंडी होती तेव्हा, मग आपोआप बरं झालं. मावशीने लेकीकडे पाहिलं. लेकीने ते शब्द जसेच्या तसे रकान्यात लिहिले.

पस्तिसावा नंबर बंदच झालेला. तो रकाना कोराच राहिला, आणि तो अजूनही कोराच आहे.

छत्तिसावी बाई मागच्याच आठवड्यात आली होती, खालची उजवी दाढ, मांडीवर चार महिन्यांचा मुलगा. तिचा फोन दोन दिवस कुणी उचलत नव्हतं. मावशी दर तासाला लावत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तो उचलला गेला. मागे पोर कळवळून रडत होतं.

"कोण, मावशी? अगबाई!" बाई खूश होऊन ओरडली. "बाहेरगावी होते हो. शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ता तुमचीच आठवण काढली. सकाळपासून बघा कसा रडतोय, म्हटलं मावशींची डबी काढावी. हे बघा, बोटावर घेतलंय..."

"पुसा!" मावशी उभी राहिली. खुर्ची मागे पडली. "आधी बोट पुसा! कशालाही पुसा, साडीला पुसा! त्याच्या तोंडात घालू नका! घातलं का? अहो, बोला ना, घातलं का?"

पलीकडून घाबरलेला आवाज. "नाही. नाही हो. पुसलं. काय झालं?"

मावशी लेकीकडे बघून नुसतं पुसलं, पुसलं म्हणत राहिली. लेकीने ढब्बूला खांद्यावर टाकलं, आईच्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे एकेक गोष्ट त्या बाईला सांगू लागली. सांगून झाल्यावर ती फोन ठेवणार तोच मावशीने हात पुढे केला.

"दे जरा."

तिने फोन कानाला लावला. पलीकडे ते पोर अजून टाहो फोडत होतं, पुऱ्या छातीने. ज्या बाईने उभा जन्म पोरांना गप्प करण्यात घालवला ती डोळे मिटून ते ऐकत उभी होती.

"रडू दे त्याला," ती म्हणाली. "तुम्ही फोन ठेवू नका. थोडा वेळ रडू दे."